गळ कधी उचलावा

खाडीच्या काठाला गळ टाकून बसलेला माणूस दिसला की येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गुण आठवतो, चिकाटी. तास न् तास बसण्याची ताकद म्हणजेच गरवण्याची कला, असं आपण धरून चालतो. मला हा मान चुकीच्या गुणाला गेलेला वाटतो. बसणं अवघड नाही, उठावं कधी हे ठरवणं अवघड आहे. या जागी मासा लागत नाही, पलीकडच्या खडकापाशी कदाचित लागेल, पण तिकडे जाईपर्यंत भरतीचा चांगला वेळ निघून जाईल. उठण्याची वेळ चिकाटीवर किंवा कंटाळ्यावर सोडली तर निर्णय आपल्या मनःस्थितीचा होतो. तो पाण्यावरून आणि पुढच्या जागेच्या अंतरावरून व्हायला हवा. जागेवर आधीच घालवलेला वेळ वाया जाईल, या हळहळीला तर त्यात काहीच मत नसावं.

अंतराचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं. १९७६ साली एरिक चार्नोव्ह या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने भक्ष्य शोधणाऱ्या प्राण्यांसाठी एक साधा नियम मांडला. एका जागी मिळकत हळूहळू घटत जाते. ती घटून साऱ्या परिसरातल्या सरासरी मिळकतीइतकी झाली की प्राण्याने जागा सोडावी, आणि ही सरासरी काढताना वाटेत जाणारा वेळही धरावा. म्हणजे दोन जागांमधली वाट लांब असेल तर प्रत्येक जागी जास्त थांबणं शहाणपणाचं, जवळ असेल तर लवकर उठणं. पुढच्याच वर्षी रिचर्ड कॉवी यांनी टिट जातीच्या छोट्या पक्ष्यांवर हे तपासलं. भुशाने भरलेल्या भांड्यांत अळ्यांचे तुकडे लपवले आणि काही वेळा भांड्यांची झाकणं मुद्दाम घट्ट बसवली. झाकण काढायला जितका जास्त वेळ लागे, तितका जास्त वेळ पक्षी त्या भांड्यात उकरत बसत. चिमुकल्या पाखराला जे उमगतं ते आपण मात्र ‘किमान अर्धा तास तरी बसायचंच’ अशा ठोकताळ्यात हरवून बसतो. जेटीच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं असेल तर अर्धा तास फार झाला, आणि होडी वल्हवत खाडीच्या पलीकडच्या तिवरांपर्यंत जायचं असेल तर अर्धा तास कमी आहे.

आता शांततेचा अर्थ. गळाला काहीच ओढ लागत नाही, तेव्हा मन दोन्ही बाजूंनी बोलतं. ‘इतका वेळ लागला नाही, म्हणजे आता लागणारच’ हे एक, आणि ‘इथे काही नाही’ हे दुसरं. पहिलं बोलणं सरळ चूक आहे. मासे आपल्या रिकाम्या मिनिटांचा हिशेब ठेवत नाहीत. दुसरं बोलणं मात्र कधी घाईचं असतं, कधी रास्त. समजा, चांगल्या जागी सरासरी वीस मिनिटांना एक मासा लागतो आणि तो कधी लागेल याला नेम नाही. अशा चांगल्या जागीही पहिली वीस मिनिटं कोरडी जाण्याची शक्यता शेकडा ३७ आहे. चाळीस मिनिटं कोरडी जाण्याची शेकडा १४ आणि तासभर कोरडा जाण्याची जेमतेम ५. म्हणजे वीस मिनिटांत उठणारा माणूस तीनातली एक चांगली जागा टाकून देतो, आणि तासानंतरही बसून राहणारा बहुतेक वेळा रिकाम्या पाण्यात बसलेला असतो. खऱ्या खाडीत हे आकडे इतके नेमके नसतात, पण शंका कोणत्या वेगाने वाढत जायला हवी ते यातून कळतं.

शिवाय सगळी शांतता सारखी नसते. पंधरा-वीस मिनिटांनी गळ वर काढून आमिष नीट पाहावं. कोळंबी जशी लावली तशीच, फक्त पाण्याने पांढुरकी पडलेली असेल, तर तिला कोणी तोंडच लावलेलं नाही. शेपटीकडून कुरतडलेली, कडा झिरमिळ्या झालेली असेल, तर खाली खेकडे किंवा बारीक मासळी आहे. आणि गरी लख्ख रिकामी आली तर किती वेळ आपण आमिषाशिवाय बसलो होतो कोण जाणे. तो वेळ हिशेबात धरायचाच नाही, कारण त्या वेळात पाण्याला प्रश्नच विचारला गेला नव्हता. उठावं की नाही याचा निम्मा निकाल या बोटभर कोळंबीवर लिहिलेला असतो.

मासा लागला तर काय, हा प्रश्न उलटा वाटतो, पण तिथेच जास्त चुका होतात. तांबोशी खडकाच्या कपारीत, तिवरांच्या मुळांशी ठाण मांडून राहते. एखाद्या कपारीतून दोन चांगल्या तांबोशी निघाल्या की तिथली शिल्लक घटलेली असते, आणि ‘इथे लागतेय’ म्हणून बसून राहणारा संपलेल्या घराचं दार ठोठावत असतो. बांगड्याचं उलट आहे. तो थव्याने फिरतो, त्यामुळे एक लागला तर आणखी असणार. तिथे प्रत्येक मासा थांबण्याचं नवं कारण देतो, आणि ओढ बंद झाली की थवा पुढे गेला असं समजून उठावं. मासा लागल्यावर मुदत वाढवायची की आखडायची, हे त्या माशाची राहणी ओळखल्याशिवाय ठरत नाही.

यावर किनाऱ्यावरचा जाणता माणूस हरकत घेईल, आणि ती वजनदार आहे. खाडीतलं पाणी स्थिर नसतं, जागा रिकामी होते आणि पुन्हा भरते. डोलकर आपली डोल, म्हणजे खुंटांना बांधायचं जाळं, एकाच ठिकाणी बांधून ओढीच्या पाण्याची वाट पाहतो, तो काही दर तासाला जागा बदलत नाही. मग जागा बदलण्याचा हा हट्ट कशाला? मला तर डोल याच विचाराची साक्ष वाटते. ती उपटून दुसरीकडे रोवणं इतकं कष्टाचं आणि खर्चाचं आहे की तिच्यासाठी पुढची जागा फार दूर पडते, म्हणून थांबणं लांबतं. हातात एक दोरी आणि पिशवीभर आमिष असलेल्याला ती अडचण नाही. हरकतीचा दुसरा भाग मात्र मी पूर्ण मान्य करतो. पाणी फिरलं की जुनी जागा नवी होते. मुंबईच्या बाजूला तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. हे गणित ज्याच्या तोंडी आहे त्याने थांबण्याची मुदत घड्याळाच्या अर्ध्या तासांत न मोजता भरती आणि ओहोटीत मोजावी. भरतीला कोरडी गेलेली खाजणाच्या तोंडाची जागा ओहोटीला, आतलं पाणी कोळंबी आणि बारीक मासळी घेऊन बाहेर पडू लागलं की, भरभरून देऊ शकते. तिला दिवसभरासाठी नापास करणं हा अन्याय आहे. अष्टमीच्या आसपास भांगाच्या दिवसांत पाण्याला ओढच कमी असते, तेव्हा थोडी जास्त सवलत द्यावी.

काहीजण म्हणतील, मासा लागो न लागो, पाण्याकाठी बसणं हेच सुख. ते खरंच सुख आहे आणि ज्याला तेवढंच हवं त्याला उठण्याचा प्रश्न पडतच नाही. पण ज्याच्या घरी चुलीवर पाणी ठेवलंय, किंवा ज्याला पाण्याखाली काय चाललंय ते समजून घ्यायचंय, त्याची कोरड्या जागेवरची दीड तासाची बैठक त्या सुखाच्या नावावर खपवू नये. पहिली गरी पाण्यात पडण्याआधीच ‘हे पाणी असेतोवर, इतका वेळ’ असं ठरवून ठेवावं. एकदा दोरी हातात आली की प्रत्येक हेलकावा ओढीसारखा भासतो आणि मुदत आपोआप सरकत जाते.

आणि उठायचंच तर केव्हा, तर भरती आणि ओहोटीच्या मधल्या त्या थोड्या वेळात, जेव्हा पाणी उभं राहतं. तेव्हा ओढ बहुधा मंदावते, म्हणून चालण्यात गेलेला वेळ सर्वांत स्वस्त पडतो. पाण्यात तिरकी ताणलेली दोरी हळूहळू सरळ खाली लोंबू लागते, वाहत्या पानाचा वेग मंदावून ते जागच्या जागी फिरतं. तेवढ्यात गळ गुंडाळावा, आमिष पाहून घ्यावं, आणि पाणी पुन्हा ओढ धरण्याआधी पलीकडच्या खडकापाशी पोहोचावं.