जाहिरातींची सवड

गेल्या श्रावणात आम्ही केबल सोडली. मुंबईत १९७२ साली दूरदर्शन आले तेव्हा शेजाऱ्यांकडे जमिनीवर बसून पाहणारा मी. १९९२ साली घरात केबल आली तेव्हा पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते! पण चिरंजीव म्हणाले, "बाबा, आता इंटरनेटवर हवं ते, हवं तेव्हा दिसतं. थोडे पैसे जास्त भरले की जाहिरातीही नाहीत." हिशेब बिनतोड होता. तार निघाली, सेट-टॉप बॉक्स माळ्यावर गेला.

अर्ध्या तासाची मालिका आता बावीस मिनिटांत आटोपू लागली. सारे खूष. एका रात्री आई मात्र हळूच म्हणाली, "अरे, त्या जाहिराती परत लावता येतील का रे?"

मला हसू आले. "जाहिराती? त्या कशाला?"

"त्या लागल्या की तू माझ्याशी बोलायचास."

खरेच होते. तिचे गुडघे, भाचीचे लग्न, गावच्या घराचे गळके छप्पर, हे सारे मला साबणाच्या नि चहाच्या जाहिराती चालू असतानाच कळले होते.

आता मालिका निम्मी झाली की मी बटण दाबून ती थांबवतो. परवा आईशी बोलता बोलता पाऊण तास गेला. मालिकेतली सून बिचारी तोवर उंबरठ्यावर उभीच होती!