मुरलेली आवृत्ती

नव्या वस्तूची हौस कोणाला नसते? दिवाळी आली की नवे कपडे हवेत, नवा आकाशकंदील हवा, निदान पायपुसणे तरी नवे हवेच हवे. याविषयी माझी काही तक्रार नाही. पण संसारात काही वस्तू अशाही असतात की, त्या नव्या असण्यापेक्षा मुरलेल्या असणे बरे. भाताला तांदूळ जुना हवा, लोणचे मुरलेले हवे आणि डॉक्टर चार पावसाळे पाहिलेला हवा. या यादीत मी अलीकडे आणखी एका वस्तूची भर घातली आहे. ती म्हणजे संगणकावर व्हिडिओ आवळणारी आणि उलगडणारी सॉफ्टवेअर.

वाचकांपैकी काहींच्या कपाळावर आठी पडली असेल. दिवाळी अंकात हा कसला विषय, असे त्यांना वाटेल. पण तुमच्या घरच्या माळ्यावर जुन्या व्हिडिओ कॅसेटींचे एखादे खोके नक्कीच असेल. आमच्या माळ्यावर अकरा कॅसेटी होत्या. त्यांतली एक १९९१ सालची, वडिलांच्या साठीशांतीची. आई आता नाही. तिचा बोलता आवाज या जगात कुठे उरला असेल तर तो त्या एका कॅसेटीत. आणि कॅसेट काही अमरपट्टा घेऊन आलेली नसते. फितीवरचे चुंबकत्व वर्षागणिक क्षीण होत जाते, आणि ती वाजवणारे यंत्रही आता नव्याने मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, तेव्हाच तो कारखाना जगातून उठला.

तेव्हा कॅसेटीतली चित्रे संगणकात उतरवून घ्यावीत, असे ठरले. पण चित्रे म्हणजे अवाढव्य पसारा! आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या मापाचे चित्र म्हणजे ७२० गुणिले ५७६ ठिपके, आणि अशी सेकंदाला २५ चित्रे. काहीच न आवळता ठेवली तर तासाला सुमारे ७५ जीबी जागा लागते. म्हणून ती आवळावी लागतात. एका चित्रातून दुसऱ्यात जेवढे बदलले तेवढेच लिहायचे, आणि चित्राचे लहान लहान चौकोन पाडून त्यांतला डोळ्याला न जाणवणारा बारकावा गाळायचा, ही त्यातली मुख्य युक्ती. या चौकोनांमागचे गणित १९७४ साली नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव या तिघांनी प्रसिद्ध केले. नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे. आज तुमच्या फोनमधला जवळजवळ प्रत्येक फोटो आणि व्हिडिओ या गणिताच्या कुळातला आहे, हे सांगताना मला उगाचच शेजारच्या घरातल्या मुलाने बक्षीस मिळवल्यासारखे वाटते.

आता गंमत पाहा. २००३ साली आलेला एच.२६४ हा नियम सर्वांत जास्त चालतो. त्यात आवळलेली फाइल कशी उलगडावी हे काटेकोर सांगितले आहे. ती कशी आवळावी हे मात्र ज्याच्या त्याच्या हातावर सोडले आहे. पैठणी उलगडायची रीत एकच, पण तिची घडी प्रत्येक बाई आपापल्या पद्धतीने घालते, तसेच हे. घडी वाईट पडली तर रेघ कापडावर कायमची उमटते. उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरची चूक म्हणजे चष्म्यावरचा डाग. उद्या चष्मा पुसला की चित्र स्वच्छ. आवळणाऱ्याची चूक म्हणजे फोटोवरचा डाग. मूळ प्रत हातात नसेल तर तो ब्रह्मदेवालाही पुसता यायचा नाही.

माझ्या एका स्नेह्यांना याचा कडू अनुभव आला. त्यांनी वडिलांच्या गाण्याची कॅसेट गल्लीतल्या एका दुकानात दिली. दुकानदाराने कुठलीशी नवीकोरी, अजून चाचणीत असलेली आवृत्ती वापरली. फाइल आली ती अशी, की वडील तोंड मिटतात आणि तान मागाहून येते. कॅसेट मात्र दुकानातच कचऱ्यात गेली होती. स्नेही आता ते गाणे डोळे मिटून ऐकतात.

म्हणून आमच्या घरी प्रश्न निघाला तो नेमका हाच: आवृत्ती कोणती? भाचा संगणकाच्या धंद्यातला. तो उत्साहाने म्हणाला, "मामा, अगदी लेटेस्ट घ्या. काल रात्रीच आली आहे."

मी म्हटले, "काल रात्री आलेल्या पाहुण्याच्या हाती तिजोरीची किल्ली देतोस का?"

तो हसला, पण हार मानणाऱ्यांतला नव्हे. त्याने एफएफएमपेगचे पान उघडून दाखवले. हे सॉफ्टवेअर फाब्रिस बेलार या फ्रेंच गृहस्थाने २००० साली सुरू केले. आज व्हिडिओचे निम्मेअधिक जग याच्या खांद्यावर उभे आहे म्हटले तरी चालेल. त्या पानावर कर्त्यांनीच लिहिले आहे की, ठराविक मुदतीने निघणाऱ्या आवृत्त्या मुख्यतः वितरकांसाठी आहेत. ज्यांना स्वतः बांधणी करायची असेल त्यांनी चालू कामाची, रोज बदलणारी शाखाच घ्यावी. भाच्याने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिले.

पण सल्ला कोणासाठी आहे हे पाहायला नको का? जो स्वतः बांधणी करतो, चूक सापडली तर कर्त्यांना कळवतो आणि आठवड्याने पुन्हा सगळे करायला तयार असतो, त्याला तो सल्ला योग्यच आहे. मला हे काम आयुष्यात एकदाच करायचे होते. ती फाइल नातवंडांनी उघडावी अशी माझी इच्छा होती, आणि ती फीत आणखी किती वेळा फिरेल याचा भरवसा नव्हता.

मग आम्ही आकडे वाचायला बसलो. आवृत्तीचा आकडा म्हणजे घराच्या दुरुस्तीसारखा असतो. पहिला आकडा बदलला म्हणजे भिंती पाडून नव्याने बांधल्या. दुसरा बदलला म्हणजे एखादी खोली वाढवली. तिसरा बदलला म्हणजे नवे काही केले नाही, फक्त गळके नळ दुरुस्त केले. आम्ही ठरवले की, ज्या मालिकेचा तिसरा आकडा निदान दोनतीनदा पुढे सरकला आहे आणि जिची दुरुस्ती अजून चालू आहे, ती घ्यायची. यातली दुसरी अट फार महत्त्वाची. कारण मुरलेले आणि आंबलेले यांत फरक आहे. उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरला परक्यांनी पाठवलेल्या फाइलीही उघडाव्या लागतात, आणि मुद्दाम वाकडी केलेली फाइल चोराला खिडकी उघडून देऊ शकते. ज्या आवृत्तीकडे आता कोणी पाहत नाही, ती कितीही जुनीजाणती असली तरी घरात ठेवू नये. इथे भाच्याचे म्हणणे मी मान्य केले, आणि तोही खूश झाला.

मूळ प्रतीसाठी एफएफव्ही१ हा प्रकार निवडला. तो चित्रातले काहीही न गाळता आवळतो, त्यामुळे जागा जास्त खातो. पण अनेक अभिलेखागारे त्यावर भरवसा ठेवतात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंतचा तपशील २०२१ साली आरएफसी ९०४३ या क्रमांकाने रीतसर प्रसिद्ध झाला. चौथी प्रायोगिक आहे, आणि "प्रयोग चालेल" असे स्पष्ट सांगितल्याशिवाय एफएफएमपेग ती वापरायला नकार देते. इतका प्रामाणिकपणा मी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थांतही पाहिलेला नाही. आम्ही तिसरी घेतली. रोज पाहण्यासाठी एक्स२६४ ने एच.२६४ ची लहान प्रत केली, कारण ती ताईच्या जुन्या टीव्हीवरही चालते. आधी दोन मिनिटांचा तुकडा करून तो टीव्ही, फोन आणि संगणक अशा तिन्ही ठिकाणी पाहिला. ओठ आणि आवाज जुळतात याची खात्री करून मगच पुढची कामे केली. कॅसेटी मात्र फेकल्या नाहीत.

एक्स२६४ आपण केलेल्या फाइलीत आपले नाव आणि बांधणीचा क्रमांकही लिहून ठेवतो, जसे भांड्यावर घालतात. याचा फार उपयोग होतो. १५१ व्या बांधणीपूर्वी त्याच्या एका क्वचित वापरल्या जाणाऱ्या प्रकारात चूक होती. एफएफएमपेग हे नाव वाचते आणि त्या जुन्या फाइली जुन्याच रीतीने उलगडते. थोरल्या भावाने धाकट्याचे बालपणीचे अक्षर ओळखून वाचावे, तसे. मीही एका कागदावर आवृत्त्यांचे आकडे लिहून तो डिस्कच्या डब्यात ठेवला आहे. पुढे कोणाला लागला तर असावा.

साठीशांतीची फाइल तयार झाली त्या रात्री सगळे घर टीव्हीपुढे बसले. पंगत उठत होती, आणि आई कॅमेऱ्याकडे हात करून म्हणत होती, "अरे, ते यंत्र ठेव बाजूला आणि आधी दोन घास खाऊन घे." पाठीमागे कोणाचे तरी भांडे पडले, त्याचाही आवाज अगदी वेळेवर आला. भाचा तिला फारसा आठवत नव्हता. त्याने तेवढाच तुकडा तीनदा लावला.

मग तो म्हणाला, "मामा, पुढच्या महिन्यात नवी आवृत्ती येते आहे."

"येऊ दे," मी म्हटले, "जरा मुरू दे."