कोसाडहून बोर्डीस : चाकांवरच्या घराची तयारी

कोसाडहून समुद्र फारसा दूर नाही. तापी जेथे अरबी समुद्रास मिळते तो डुमस-हजिऱ्याचा परिसर सुरतेच्याच अंगाला आहे. रविवारी संध्याकाळी डुमसला जावे, टोमॅटोची भजी खावीत आणि दिवेलागणीला परतावे, एवढाच आमचा समुद्राशी संबंध. त्यामुळे यंदा घरात बोर्डीचा बेत निघाला आणि तोही दोन रात्रींच्या मुक्कामाचा, तेव्हा शेजाऱ्यांना नवल वाटले. त्याहून अधिक नवल वाटले ते वाहनाचे. आम्ही चाकांवरचे घरच घेऊन जाणार होतो.

हा हौसेचा मामला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. आमच्या मातोश्रींनी गेल्या तीन वर्षांत सुरतेबाहेर पाऊल टाकले नव्हते. भाच्याचे लग्न झाले, नंदुरबारला थोरल्या बहिणीचे वर्षश्राद्ध झाले, प्रत्येक वेळी त्यांचे एकच उत्तर : “तुम्ही जा, मी घर सांभाळते.” गुडघे दुखतात, हे कारण आम्ही खरे धरून चाललो होतो. खरे कारण आमच्या सौभाग्यवतींच्या ध्यानात आले. पूर्वी प्रवासास निघायचे असले की मातोश्री आदल्या दुपारपासून पाणी पिणेच सोडीत. वाटेत थांबावे लागू नये, थांबलो तरी स्वच्छ जागा मिळेल याची शाश्वती नाही, आणि मुलाला वारंवार गाडी थांबवावयास सांगण्याची लाज, या तिहेरी धास्तीने त्यांनी शेवटी प्रवासच सोडला होता. ज्या घरात हे इतकी वर्षे मुलाला कळले नाही, त्या घरचा मुलगा म्हणून आम्हांलाही लाज वाटली.

बोर्डीच का, याचेही कारण मातोश्रींपाशीच होते. तरुणपणी त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर बालसेविकेचे प्रशिक्षण घेतले होते. पुढे लग्न होऊन त्या सुरतेस आल्या, आणि अनेक बिऱ्हाडे बदलीत आम्ही कोसाडास स्थिरावलो. कोसाड हे मूळचे सुरतेबाहेरचे खेडे. २००६ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले, आणि पुढे जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजनेतून येथे गरीब कुटुंबांसाठी घरांच्या रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. आज आमच्या गल्लीत खानदेशी, ओडिया, उत्तरेकडील आणि सुरती अशी सारीच माणसे आहेत. मुलांना कोसाड ठाऊक. कोसबाड हे नाव ती आजीच्या तोंडून ऐकतात आणि आजी आपल्याच गावाचा उच्चार चुकवते असे समजून हसतात. ती टेकडी एकदा नातवंडांना दाखवावी, ही मातोश्रींची इच्छा. ती त्यांनी बोलून दाखविली नव्हती. पण कोसबाड हे नाव निघाले की हातातले काम थांबत असे.

त्या टेकडीची हकीकत आपल्यासारख्या गुजरातेत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी मुलांना अवश्य सांगावी. ताराबाई मोडक (जन्म १८९२) या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बरोबरीने बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली, आणि १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. लहानपणीच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर हलले. वारली मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, या विचारातून अंगणवाडी निघाली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच कुरणशाळा भरू लागली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. आज देशभर गावोगाव दिसणारा ‘अंगणवाडी’ हा शब्द या किनाऱ्यावरचा आहे. आणि त्यामागील विचाराला भावनगरचेही पाणी मिळालेले आहे, हे आपण विसरू नये.

आता वाहनाविषयी. घोलवड स्थानक आमच्या कोसाडच्याच लोहमार्गावर आहे. बोर्डी तेथून तीनेक किलोमीटर. मग आगगाडीने का जाऊ नये? परंतु कोसाडला जलद गाड्या थांबत नाहीत. सुरतेस गाडी बदलावयाची, पुलाचे जिने चढावयाचे आणि गर्दीत शिरावयाचे, हे दुखऱ्या गुडघ्यांनी होण्यासारखे नव्हते. धाकट्या बंधूंनी कॅराव्हॅनची कल्पना काढली. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा पर्यटनासाठी धोरणही जाहीर केले असून, पाणी, वीज व सांडपाण्याची सोय असलेल्या वाहनतळांची कल्पना त्यात मांडली आहे. सुरतेत वऱ्हाडासाठी मोठ्या गाड्या हव्या तेवढ्या मिळतात. परंतु झोपण्याचे बाक, स्वयंपाकाचा लहानसा ओटा आणि मुख्य म्हणजे शौचालय असलेली गाडी शोधावयास दोन महिने लागले.

ज्यांना असा बेत करावयाचा असेल त्यांच्या उपयोगासाठी आमचे चार हिशेब येथे देतो. गाडी भाड्याची असेल तर तिला परराज्यात जाण्यासाठी अखिल भारतीय पर्यटक परवाना आहे ना, हे आधी पाहावे. छपरावरील यंत्रासह गाडीची उंची तीन मीटरच्या आसपास जाते. तेव्हा नेहमीचे रेल्वेखालचे गरनाळे विसरावे आणि उड्डाणपुलाचा रस्ता धरावा. आमच्या गाडीतील पाण्याची टाकी शंभर लिटरची. सहा माणसांनी घरच्यासारखे पाणी वापरले तर ती सकाळीच रिकामी होईल. म्हणून पिण्याचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये, स्नान मुक्कामाच्या जागी, आणि टाकीचे पाणी केवळ हात-तोंड, भांडी व शौचालय यांसाठी, अशी वाटणी केली. विजेचेही तसेच. बारा व्होल्टची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे अठराशे वॉट-तास. पंधराशे वॉटचे वातानुकूलन यंत्र तिच्यावर तासभर चालले तरी पुष्कळ. तेच वीस वॉटचा पंखा रात्रभर फिरून वीज उरते. म्हणून हिवाळा निवडला आणि यंत्राचा मोह सोडला. स्वयंपाकाच्या गॅसची नळी गाडी चालू असताना बंदच हवी. शिवाय पहिल्या दिवशी चूल पेटवावयाचीच नाही असे ठरले. दशम्या, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी असताना चूल हवी कशाला?

गाडी वाळूत न्यावयाची नाही, हा नियम सर्वांत मोठा. भरतीच्या पाण्यात रुतलेल्या मोटारींच्या बातम्या दरवर्षी येतात. बोर्डीचा किनारा अतिशय सपाट आहे. ओहोटीला पाणी पार दूर जाते. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत, आणि त्यांतल्या काहींत पाहुण्यांची सोय होते. तेथील चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. अशाच एका वाडीच्या मालकांनी आवारात गाडी उभी करावयास, नळाचे पाणी घ्यावयास आणि जाड पिनेचा विजेचा सॉकेट वापरावयास संमती दिली.

तारीख ठरविताना पंचांग काढावे लागले. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा ठोकताळा असा, की तिथीला तीनने गुणावे व चारने भागावे, म्हणजे भरतीची वेळ निघते. पौर्णिमेचे पंधरा धरले तर सव्वाअकरा येतात. म्हणजे दुपारी व मध्यरात्री भरती, आणि सूर्यास्ताला पाणी दूर गेलेले. मातोश्रींना वाळूतून लांब चालवणार नाही. त्यांच्यासाठी पाणीच जवळ यावयास हवे, आणि तेही दिवस मावळताना. सप्तमीचा हिशेब सव्वापाचाचा, अष्टमीचा सहाचा. म्हणून मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी व अष्टमी या दोन रात्री ठरल्या. भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी वेळ ताडून पाहिली. थोड्या मिनिटांचा फरक सोडला तर ठोकताळा खरा ठरला. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तिला उधाणाचा जोर नसतो, हे त्यातले सुख. आणि दुपारच्या ओहोटीत मुलांना शंखशिंपले वेचता येतील, हे दुसरे.

वाटही कागदावर उतरवून घेतली. राष्ट्रीय महामार्ग ४८ ने नवसारी, चिखली, वलसाड, वापी, भिलाड. तेथून संजाण, उंबरगाव, आणि सीमेवरचे झाई ओलांडले की बोर्डी. पूर्णा, अंबिका, कावेरी, औरंगा, पार, कोलक, दमणगंगा अशा नद्या या रस्त्यावर ओलांडाव्या लागतात. त्यांपैकी पार व दमणगंगा नाशिक जिल्ह्यात उगम पावून गुजरातेत येतात. हे ऐकून मुलगी म्हणाली, “म्हणजे आजीसारख्याच.” आम्ही तिला नद्यांची नावे पाठ करावयास सांगितली होती, तिने अर्थच सांगितला. कोसबाडची चढण मोठ्या गाडीने न चढता घोलवडहून रिक्षा करावी, असे ठरले.

निघण्यापूर्वी एक रात्र गाडी सोसायटीच्या आवारात उभी करून त्यात झोपून पाहावे, ही सूचना सौभाग्यवतींची. ती आम्ही हसून घेतली, पण तिनेच सारा बेत वाचविला. गाडी आली, सारी गल्ली पाहावयास जमली, आणि मातोश्री दारापाशी येऊन थबकल्या. पहिली पायरीच गुडघ्याइतकी उंच! टाक्या, बॅटऱ्या, भरती-ओहोटी यांचे हिशेब करणाऱ्या आम्हां शहाण्यांना पायरी मोजावयाचे सुचले नव्हते. “राहू दे रे,” एवढेच म्हणून त्या वळल्या.

शेजारचे ओडिया गृहस्थ हे पाहत होते. जवळच्या वेल्डिंगच्या दुकानात ते स्वतः आमच्याबरोबर आले, आणि दोन तासांत लोखंडाची दोन पायऱ्यांची घडवंची, हाताला धरावयाच्या दांडीसह, तयार झाली. रात्री नऊच्या सुमारास मातोश्री दांडी धरून चढल्या. त्यांनी बाक पाहिला, पडदा पाहिला, शौचालयाचे दार दोनदा उघडून कडी लावून पाहिली. मग बाकावर बसून नातवंडांना म्हणाल्या, “आमच्या टेकडीवर रात्री असाच मोकळा वारा असे.” रेल्वेमार्गावरून एक मालगाडी धडधडत गेली, आणि मुले त्यालाच लाटांचा आवाज मानून झोपी गेली.

निजण्यापूर्वी मातोश्रींनी सुनेकडे पाणी मागितले. तांब्याभर पाणी त्या सावकाश प्यायल्या.

येत्या सप्तमीला पहाटे आम्ही निघत आहोत. वाचकांपैकी कोणाच्या घरी “तुम्ही जा, मी घर सांभाळते” असे म्हणणारे वडीलधारे माणूस असेल, तर गाडीची चौकशी मागाहून करावी. आधी त्या माणसाजवळ बसून कारण विचारावे. आणि हो, पायरी मोजावयास विसरू नये.