बांधीतली बॅटरी

बॅटरी मला आयुष्यभर कितीतरी कामांना जुंपलेली दिसत आली आहे: वरातीतला भोंगा, ट्रॅक्टरचा सेल्फ, घरातला इन्व्हर्टर. यातलं सर्वांत कमी मानाचं काम म्हणजे धुऱ्यावरचं वेल्डिंग. लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीसारख्या धानाच्या गावात जुलैमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उपटून ठेवलेले असतात, रोवणीच्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरलेल्या असतात आणि नेमकी चिखलणीत ट्रॅक्टरच्या केजव्हीलची पट्टी तुटते. तेव्हा दोन-तीन बॅटऱ्या जोडून जो टाका मारतात, त्याला लोक जुगाड म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. ते शास्त्र आहे आणि रीतसर शिकवण्याजोगं आहे.

मुळात विजेच्या ज्योतीनं लोखंड सांधण्याची सुरुवातच बॅटऱ्यांवर झाली. १८८०च्या दशकात निकोलाय बेनार्डोस हा संशोधक साठवणीच्या बॅटऱ्या आणि कार्बनची कांडी घेऊनच काम करत होता. हिशेबही सरळ आहे. ज्योत टिकायला वीस-पंचवीस व्होल्ट पुरतात आणि बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या, एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला, अशा जोडल्या की ३६ मिळतात. अडीच मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरच्या आसपास मिनिटभर जळला, तर दीडेक अँपिअर-तास खर्च होतो. त्यामुळे बॅटऱ्या बसतील ही भीती दोन-चार रॉडपुरती तरी खरी नाही. त्या बसतात रॉड चिकटून राहिला तर, किंवा तिघींपैकी एक आधीच उतरलेली असली तर. मग बाकीच्या दोघी तिला उलटी चार्ज करतात.

धोक्याचा आक्षेप मात्र खरा आहे. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला की एक ठिणगी पुरते. बॅटरी फुटली की ॲसिड तोंडावर येतं. पण लोक हे काम करतातच, मग नीट का शिकवू नये? बॅटऱ्या ट्रॅक्टरमधून काढून दहा फूट लांब ठेवाव्यात. टर्मिनल आधी घट्ट कसावेत. ठिणगी पडेल ती होल्डरच्या टोकालाच. पाय कोरड्यावर हवेत आणि डोळ्यांवर उन्हाचा चष्मा नव्हे, वेल्डरचा मुखवटाच हवा. जनरेटर आणावा म्हणणाऱ्यांनी तो पावसात बांधीपर्यंत कोण नेणार, हेही सांगावं. स्टेअरिंग, ब्रेक, ट्रॉलीचा हूक यांना मात्र हा टाका कधीच नको. तो तुटलेली पट्टी दिवसभर धरून ठेवण्यापुरता. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम वर्षभराचा असतो. त्यातला एक दिवस, रोवणीच्या आधी, या तीन बॅटऱ्यांना द्यावा.