रंगून रेड

‘१९६५ची फोर्ड मस्टँग कन्व्हर्टिबल. रंग रंगून रेड, कापडी छप्पर पांढरं, आतल्या सीट काळ्या. २८९ घनइंची व्ही-एट इंजिन, तीन गिअरचं ऑटोमॅटिक. संपूर्ण रिस्टोअर केलेली. पहिल्या दिवसापासून एकाच घरात.’

या जाहिरातीचा मसुदा माझा. डेट्रॉइटच्या उपनगरात आमच्यापासून दोन घरं सोडून राहणाऱ्या शेजारीणबाईंनी तो लिहून घेतला, वाचला आणि म्हणाल्या, “छान आहे. पण गाडी का विकतेय ते लिहिलं नाहीस.” ते चार ओळींत मावणारं नव्हतं. त्यांचे यजमान गेले, मुलगा अ‍ॅरिझोनात, आणि त्या खोलगट सीटवरून उठताना बाईंचे गुडघे आता साथ देत नाहीत. मी म्हटलं, विचारतील त्यांना तुम्हीच सांगा.

रंगाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. रंगून म्हटलं की आमच्या घरात बर्मी सागवान निघायचं, नाहीतर विषय थेट मंडालेच्या तुरुंगावर आणि लोकमान्यांवर जायचा. फोर्डच्या डियरबॉर्नमध्ये बसून मोटारींच्या रंगांना नावं देणाऱ्याच्या गावी यातलं काही असण्याचं कारण नव्हतं. रंग मात्र अस्सल लाल. शेंदराकडे झुकत नाही, मरूनकडेही नाही.

बाईंचे यजमान, आमचे शेजारी, रूज नदीकाठच्या फोर्डच्या कारखान्यात कामाला होते. हाताखाली चार माणसं असलेला, महिन्याचा हिशेब पगारात बसवणारा माणूस. मस्टँग निघाली ती अशाच माणसांसाठी. १७ एप्रिल १९६४ला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डच्या ली आयकोका यांनी ती लोकांपुढे आणली. मूळ किंमत २,३६८ डॉलर. कन्व्हर्टिबलला थोडे जास्त. इतकी स्वस्त कशी, तर फाल्कन नावाच्या साध्यासुध्या घरगुती गाडीचाच सांगाडा खालून घेतला होता. वर लांबलचक नाक, आखूड शेपूट आणि जाळीत उधळलेला घोडा, एवढाच काय तो थाट. पहिल्याच दिवशी २२,००० गाड्यांची मागणी नोंदली गेली आणि दोन वर्षांच्या आत दहा लाखांचा आकडा गाठला गेला. शिकागोतल्या एका तरुण शिक्षिकेने तर अनावरणाच्या दोन दिवस आधीच आकाशी रंगाची कन्व्हर्टिबल दुकानातून घरी नेली. पहिल्या क्रमांकाची पांढरी कन्व्हर्टिबल न्यूफाउंडलंडमधल्या एका विमानचालकाला विकली गेली. फोर्डला ती परत हवी होती. १९६६मध्ये त्याला नवी मस्टँग देऊन कंपनीने आपली पहिली गाडी सोडवून घेतली. ती आज डियरबॉर्नच्या हेन्‍री फोर्ड संग्रहालयात आहे. भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही तिचं दर्शन घडवतो. त्याला नायगारा बघायचा असतो, ही गोष्ट वेगळी.

अमेरिकन गाड्या मला नव्या नव्हत्या. मी गिरगावात वाढलो. माझ्या लहानपणी मुंबईत डॉज, प्लिमथ, शेव्हरोले अशी मंडळी रस्ता भरून चालायची. शेव्हरोलेची जुळणी १९२८पासून शिवडीला व्हायची. डॉज आणि प्लिमथ १९४७पासून वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडल्या जात. आमचे एक काका तिथे होते, त्यामुळे अख्ख्या चाळीला गाड्यांबद्दल मतं होती. पुढे नुसती जुळणी नको, गाडी इथेच बनवा, असं सरकारी धोरण आलं आणि १९५४च्या सुमाराला फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही मुंबईतला गाशा गुंडाळला. उरलेल्या गाड्या मात्र पुढे कितीतरी वर्षं चालत होत्या. संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर एखादी उघड्या छपराची गाडी हळूहळू जायची. आम्ही पोरं कठड्यावर बसून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायचो. त्या गाडीला कुठे जायचं नसायचं, हेच आम्हाला नवल. आमच्याकडे घराबाहेर पडायचं ते कामासाठी.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी डेट्रॉइटला आलो, तो हे वळण घेऊनच. इथे आलेले आम्ही मराठी इंजिनिअर बहुतेक एकाच साच्याचे. दिवसभर मोटारींची ड्रॉइंगं करायची आणि स्वतःसाठी सगळ्यांत कंटाळवाणी मोटार घ्यायची. मी स्टेशन वॅगन घेतली. तीत दोन मुलं, मंडळाच्या गणपतीचं मखर, तांदळाची पोती आणि विमानतळावरून आणलेले पाहुणे, सगळं मावायचं. पुढे घर घेतलं, मुलांच्या शिक्षणाची तजवीज केली, गावाकडच्या घराचं छप्पर बदललं. पैसे वाया घालवले नाहीत, याचा आम्हाला रास्त अभिमान होता. तिकडे शेजारी दर रविवारी छप्पर उघडं टाकून निघायचे. कुठे निघालात विचारलं, तर म्हणायचे, “कुठेच नाही.” मरीन ड्राइव्हवरचं ते कोडं समुद्र ओलांडून आमच्या दारात येऊन उभं होतं.

माझी आई पहिल्यांदा अमेरिकेला आली, तेव्हा शेजाऱ्यांनी तिला फिरवून आणायचं ठरवलं. आई नऊवारीत. गाडीजवळ जाऊन तिने आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, “वरचं कधी बसवणार?” बसवायचं नाही, असंच जायचं, हे ऐकल्यावर तिने पदर डोक्यावरून घेऊन कानामागे घट्ट खोचला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. मी आणि ही मागे, गुडघे छातीशी घेऊन. मस्टँगची मागची बाजू मोठ्या माणसांसाठी नाहीच. रेडिओवर नदीपलीकडच्या विंडसरचं स्टेशन लागलेलं. डेट्रॉइटच्या नदीतल्या बेल आइल बेटावर आम्ही गेलो. तिथल्या संगमरवरी कारंज्याला वळसा घातला. पलीकडे कॅनडा दिसतो, आणि तोही दक्षिणेला, हे आईला काही केल्या पटेना. परतीच्या वाटेवर तिचा पदर केव्हाचा उडून खांद्यावर आला होता. तिने तो सावरला नाही. घरी आल्यावर म्हणाली, “टांग्यात बसल्यावर असंच वाटायचं. तुमच्या गाडीत कपाटात बसल्यासारखं वाटतं.” स्टेशन वॅगनची इतकी नेमकी समीक्षा मी नंतर वाचलेली नाही.

मिशिगनमध्ये गाडीचा खरा शत्रू म्हणजे मीठ. हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर ते ओतलं जातं. गंमत अशी, की डेट्रॉइट शहराच्या पोटातच, हजार फुटांहून खोल, मिठाची खाण आहे. म्हणजे याच शहराने गाड्या घडवायच्या आणि याच शहराच्या मिठाने त्या खायच्या. कन्व्हर्टिबलला हा रोग जास्त बाधतो. छप्पर नसलेल्या गाडीला ताठपणा येतो तो तळातून, म्हणून मस्टँगच्या कन्व्हर्टिबलला खालून जादा पत्रे आणि पट्ट्या दिलेल्या असतात. तो तळ कुजला की गाडी कंबरेत वाकते आणि दारं लागेनाशी होतात. समोरच्या काचेखाली हवेसाठी जी झडप असते तिच्यातून पाणी झिरपून गालिचाखालचा पत्राही सडतो. शेजाऱ्यांच्या मुलाने कॉलेजात असताना ती गाडी तीन हिवाळे बाहेर उभी केली. पुढे एके दिवशी ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसू लागला, आणि गाडी चादरीखाली गॅरेजमध्ये गेली.

त्या काळात सगळीच कन्व्हर्टिबल जमात चादरीखाली जात होती. लोक हमरस्त्यांवर वेगाने जाऊ लागले होते, गाड्यांत वातानुकूलन आलं होतं. गाडी उलटली तर काय, यासाठी कडक नियम येणार अशी धास्ती होती. मस्टँगची कन्व्हर्टिबल १९७३नंतर थांबली. १९७६ची कॅडिलॅक एल्डोराडो तर अमेरिकेतली शेवटची कन्व्हर्टिबल म्हणूनच विकली गेली. कन्व्हर्टिबलला परत कोणी आणलं? आयकोका यांनीच. फोर्डने त्यांना काढून टाकल्यावर ते डबघाईला आलेल्या क्रायस्लरमध्ये गेले, आणि १९८२मध्ये तिथून लेबॅरन कन्व्हर्टिबल काढली. दुसऱ्या वर्षी मस्टँगचंही छप्पर पुन्हा उघडलं. बुडत्या कंपनीत बसलेल्या माणसाला या चैनीच्या वस्तूची आठवण यावी, याचं मला त्या वेळी फार आश्चर्य वाटलं होतं.

शेजारी नव्वदच्या दशकात निवृत्त झाले आणि त्यांनी चादर काढली. इंजिन, दारं, छपराचा लोखंडी सांगाडा, सगळं उतरवून उरलेलं धूड त्यांनी एका फिरत्या चौकटीवर चढवलं. शेगडीवर कोंबडी फिरवावी तसं ते अख्खं धूड गोल फिरायचं, म्हणून इथले लोक या पद्धतीला रोटिसरीच म्हणतात. मी माटुंग्याच्या व्हीजेटीआयचा पदवीधर, जन्मभर मोटारीच्या धंद्यात. तिथे माझ्याकडे काम आलं ते दिवा धरायचं. शेजारी कुजलेला पत्रा कापायचे, नवा बेतून वेल्ड करायचे, मागे सरून बघायचे आणि पुन्हा कापायचे. मस्टँगचं एक सुख आहे: तिचा जवळजवळ प्रत्येक भाग आजही नवा बनतो आणि घरपोच येतो. पुढे तर फोर्डच्या परवान्याने कन्व्हर्टिबलचं अख्खं शरीर नवंकोरं मिळू लागलं. शेजाऱ्यांना ते पसंत नव्हतं. जिथे मूळ पत्रा दम धरून होता तिथे त्यांनी हात लावला नाही. हातोडीने ठोकून बघायचे, आवाज खणखणीत आला की खूश व्हायचे. “हा आमच्या पाळीतला पत्रा,” म्हणायचे.

गाडी तयार झाल्यावर ते दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर जायचे. साधासुधा रस्ता नव्हे हा. १९०९मध्ये याच रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट घातलं गेलं, आणि तशा पक्क्या हमरस्त्याचा अमेरिकेतला पहिला मैल म्हणून तो ओळखला जातो. १९९५पासून ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते. हजारो गाड्या एकामागून एक, माणसाच्या चालीने. कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून, खाण्याच्या पेट्या उघडून दिवसभर बसलेले. कोणालाही कुठेही पोहोचायचं नसतं. एका वर्षी शेजाऱ्यांनी मला चालवायला दिली. स्टीअरिंग सैल, ब्रेकवर सगळं वजन टाकावं लागतं, आणि लाल दिव्याला थांबलं की व्ही-एटची घरघर सीटमधून पाठीत चढते. रस्त्याकडेच्या एका आजीबाईंनी ओरडून विचारलं, “सदुसष्टची का?” शेजारी दुखावल्या स्वरात म्हणाले, “पासष्टची!” त्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझं टक्कल गाडीच्या रंगाचं झालं होतं.

आता गिऱ्हाइकं येतात, आणि बाईंच्या बाजूने जाणता माणूस म्हणून मी उभा असतो. दर्दी माणूस रंगाकडे बघतच नाही. तो आधी डाव्या बाजूला इंजिनशेजारच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक वाचतो. पाच म्हणजे १९६५, एफ म्हणजे डियरबॉर्न, शून्य-आठ म्हणजे कन्व्हर्टिबल, सी म्हणजे २८९चं दोन नळ्यांच्या कार्ब्युरेटरचं इंजिन. मग छप्पर उघडं ठेवून दारं लावून बघतो, दाराभोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते तपासतो. काचेखालच्या झडपेत बाटलीभर पाणी ओतायची परवानगी मागतो आणि आत गालिचा उचलून हात लावतो. एवढं करणाऱ्याला बाई कॉफी देतात. एक गृहस्थ आले ते गुंतवणुकीचं बोलत. गाडी ट्रेलरवरून नेणार, हवा-पाणी राखलेल्या गोदामात ठेवणार, दहा वर्षांनी भाव बघणार. मागितले होते त्यापेक्षा जास्त द्यायला तयार होते. बाईंनी त्यांना सांगितलं, गाडीला पावसाची सवय आहे, गोदामाची नाही. आणि दार दाखवलं.

विकण्यातली अडचण वयाची. या गाड्यांच्या मागे वेडे होते ते शाळेत असताना मस्टँग दुकानाच्या काचेतून बघणारे. ते आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि बाईंसारखेच विकायला बसलेत. तरुणांना आवडते, पण ब्रेक दाबून पाहिला की चेहरे गंभीर होतात. त्यामुळे बाईंनी आकडा चाळीस हजार डॉलरवरून खाली आणला. इथे चांगली नवी गाडी साधारण तेवढ्यातच येते, आणि तिला छप्पर असतं.

मी हे सगळं रोज रात्री जेवताना घरी सांगतो. पाणी ओतून झालेली तपासणी, दारांच्या फटी, क्रमांकातली अक्षरं. या दिवाळीच्या फराळाचं सामान आणायला निघालो असताना हिने एकदम विचारलं, “आपण का घेत नाही?” मी पटापट कारणं सांगितली: वय, विमा, हिवाळा, मागच्या सीटवर नातवंडंसुद्धा मावणार नाहीत, आणि मुख्य म्हणजे जायचंय कुठे? “कुठेच नाही,” ही म्हणाली, “सगळं कामाचंच तर घेतलं आजवर.” मग गॅरेजचं दार वर करून ती आत शिरली. लोणच्याच्या बरण्या, मखराचे तुकडे, मुलांची जुनी सायकल, भारतात न्यायच्या रिकाम्या बॅगा, सगळ्यांवरून तिने नजर फिरवली. “अहो,” ती म्हणाली, “आधी त्या बॅगा माळ्यावर टाका. आणि टेप घेऊन या, लांबी किती आहे हो तिची?” मला ती पाठ होती. पंधरा फूट दोन इंच.