कनेक्शनचं वय

जँगोमधला एखादा चालू प्रकल्प माझ्याकडे आला की मी आधी मॉडेल्स वाचत नाही. सेटिंग्जची फाइल उघडते आणि डेटाबेसच्या त्या सात-आठ ओळींपाशी थांबते. इंजिन, नाव, युजर, पासवर्ड, होस्ट, पोर्ट. पासवर्ड तिथेच उघडा लिहिलेला असेल तर तो आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये हलवते. त्यावर वाद घालण्यासारखं काही नाही. माझी नजर शोधत असते ती 'कॉन मॅक्स एज' ही सेटिंग.

जँगो मुळात सावध आहे. पहिली क्वेरी येईपर्यंत तो कनेक्शन उघडत नाही आणि रिक्वेस्ट संपली की ते मिटून टाकतो. पोस्टग्रेस मात्र प्रत्येक कनेक्शनसाठी वेगळी प्रोसेस उभी करतं, ओळख तपासतं. हा खर्च दर रिक्वेस्टला होतो. तो वाचावा म्हणून 2013 मध्ये, 1.6 आवृत्तीत, या सेटिंगमधून कनेक्शनला सेकंदांत वय देण्याची सोय आली. मुळातलं मूल्य 0. लोक तिथे 600 लिहितात, पानं चटकन उघडू लागतात, आणि फाइल पुन्हा कुणी उघडत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. 60 लिहिलं म्हणून साठाव्या सेकंदाला कनेक्शन मिटत नाही. वय तपासलं जातं ते रिक्वेस्टच्या सुरुवातीला आणि शेवटी. एखाद्या थ्रेडकडे नवी रिक्वेस्टच आली नाही, तर त्याचं कनेक्शन काही काम नसताना तसंच अडून राहतं. आणि प्रत्येक थ्रेडचं कनेक्शन स्वतंत्र असतं. चार कोरच्या मशीनवर गनिकॉर्नच्या नेहमीच्या सूत्राने 9 वर्कर, प्रत्येकी 4 थ्रेड, म्हणजे 36. अशी तीन मशीन म्हणजे 108. पोस्टग्रेसची मुळातली मर्यादा 100, त्यातली 3 सुपरयुजरसाठी राखीव. हा गुणाकार लॅपटॉपवर कधीच दिसत नाही. तो दिसतो, समजा कॉलेजप्रवेशाची साइट असेल, तर अर्जाच्या शेवटच्या दिवशी, आणि तेव्हा अडतो तो ज्याचं वर्ष पणाला लागलेलं आहे असा विद्यार्थी. म्हणून या सेटिंगकडे केवळ वेग वाढवायची युक्ती म्हणून पाहणं मला पटत नाही.

मर्यादा 500 करून टाकणं हा उपाय नव्हे. तितक्या प्रोसेस तितकी मेमरी मागतात. मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा पूलर बसवणं अधिक बरं. पण तो ट्रान्झॅक्शन मोडमध्ये चालवला तर सर्व्हर-साइड कर्सर बंद करावे लागतात, नाहीतर इटरेटर वापरणारे मोठे रिपोर्ट मध्येच तुटतात. 2024 च्या 5.1 आवृत्तीपासून पोस्टग्रेससाठी कनेक्शन-पूल जँगोतच मिळतो. तो वापरायचा तर कनेक्शनचं वय 0 ठेवावं लागतं. शिवाय हा पूल प्रत्येक प्रोसेसचा वेगळा असतो, त्यामुळे गुणाकार काही सुटत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित राहतात त्या रात्रंदिवस चालणाऱ्या स्क्रिप्ट. तिथे रिक्वेस्ट नाही, म्हणजे वय तपासण्याची वेळच येत नाही. मायएसक्यूएल मुळातल्या सेटिंगनुसार 8 तास शांत राहिलेलं कनेक्शन आपल्या बाजूने तोडतं. स्क्रिप्टला ते पुढच्या क्वेरीला कळतं, तेही एरर येऊन. अशा लूपच्या प्रत्येक फेरीत जुनी कनेक्शन मिटवण्याचं फंक्शन आपणच बोलवायचं असतं.

तेव्हा वयाचा आकडा वाढवण्याआधी ऐन गर्दीच्या वेळी पोस्टग्रेसमधली चालू कनेक्शन दाखवणारं 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी' उघडा आणि नुसत्या 'आयडल' असलेल्या किती ओळी आहेत, त्या मोजा.