स्टार्टरचा अँटेना पेटीच्या बाहेर काढा



मोबाईल स्टार्टर आता बऱ्याच विहिरींवर आलाय. तरी "फोन लागत नाही, मोटर चालू होत नाही" ही तक्रार संपत नाही. आमच्या जुन्नर भागात थ्री फेज लाईट रात्रपाळीला असली की ही तक्रार साधी राहत नाही. उसात बिबट्या हाय, आणि एक बटण दाबायला माणसाला अंधारात विहिरीवर जावं लागतं. म्हणून आज रेडिओ लहरींबद्दल थोडं.

रेडिओ लहर ही उजेडाचीच बहीण. वेग तोच, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. फरक लांबीचा. उजेडाची लहर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी बारीक. आकाशवाणी पुणे 792 किलोहर्ट्झवर लागतं, त्याची एक लहर जवळपास 380 मीटर. एफएमची तीनेक मीटर. मोबाईलची 900 मेगाहर्ट्झची लहर फूटभर.

जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात भिंतीपलीकडची घंटा अशाच लहरींनी, तार न जोडता वाजवून दाखवली. आपला स्टार्टर त्याच घरातला. आणि हेच बोस पुढं झाडांच्या संवेदनांवर काम करत बसले, म्हणजे माणूस आपलाच म्हणायचा.

आता मुद्दा, लहर अडते कुठं? विटा-मातीच्या भिंतीतून ती कमी होऊन का होईना जाते. धातूतून जात नाही, उलटी फिरते. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 30 डिश पाहिल्यात ना? प्रत्येक 45 मीटर रुंद, पण पत्र्याची नाही, तारेच्या जाळीची. जाळीतून वारं जातं, पण तिथं पकडतात त्या वीसेक सेंटिमीटर आणि त्याहून लांब लहरींना ती बारीक भोकं जणू नाहीतच. त्यांच्या लेखी तो सपाट पत्राच.

आपल्या लोखंडी पेटीचं तेच. हवेसाठी भोकं ठेवली तरी फूटभर लहर त्यातून नीट शिरत नाही. दाराच्या फटीतून थोडी घुसते, म्हणून एखादी कांडी दिसते. कधी फोन लागतो, कधी नाही. लोक सिमला नावं ठेवतात.

दुसरी अडचण पाण्याची. ऊस म्हणजे उभं पाणीच. वाढलेल्या दाट उसात लहर जिरत जाते, पाऊस पडून गेला की जास्तच. लागणीच्या वेळी छान चालणारा स्टार्टर आठ-दहा महिन्यांनी रुसतो, त्याचं एक कारण हे.

करायचं काय?

1. मेन स्विच बंद करून मगच पेटी उघडा. वायरवाला अँटेना घेऊन तो पेटीबाहेर काढा.
2. अँटेना उसाच्या शेंड्यापेक्षा उंच, खांबाच्या टोकाला, उभा बसवा. खांबाला चिकटून खाली नको.
3. वायर गरजेपुरतीच ठेवा. लांब वायरीत सिग्नल मरतो.
4. सिम घेण्याआधी त्या कंपनीची रेंज विहिरीवर तपासा, घरी नाही.
5. ड्राय रन संरक्षण चालू ठेवा. रेंज गेली तर बंद करायचा फोनही लागत नाही, आणि पाणी संपलेल्या विहिरीत मोटर जळते.

खर्च किरकोळ हाय, पण रात्रीची एक फेरी वाचते. तुमच्याकडं उसात रेंज कशी राहते, तेवढं लिहा.